ओट्यावरची जाळी

मी फ्लेम अरेस्टरच्या आत जाळी न बसवता त्याचे बोल्ट घट्ट केले आणि काम पूर्ण झाल्याची सही केली.

इतकं सरळ वाक्य मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही. हे माझ्याकडून लिहून घेतलं गेलं. कोणी आणि कसं ते ओघात येईलच. आधी ही जाळी म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या घरात ती चाळणी म्हणून ओळखली गेली आणि तिथूनच सगळा घोळ उघडकीला आला.

वाळूजच्या एका कारखान्यात मी फिटर आहे. रंगात घालायचे द्रव आम्ही साठवतो. पेट्रोलसारखेच, ठिणगी दिसली की पेटणारे. त्यांच्या तीन मोठ्या टाक्या आहेत. टाकी भरताना आतली वाफ बाहेर जायला हवी आणि उपसताना बाहेरची हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी फुगेल किंवा चेपेल. म्हणून टाकीच्या डोक्यावर एक नळी उघडी ठेवावी लागते. पण उघडी नळी म्हटल्यावर बाहेर लागलेली आग तिच्यातूनच आत शिरणार. ते होऊ नये म्हणून नळीवर हा अरेस्टर बसवतात. दिसायला दोन लोखंडी वाडगी तोंडाला तोंड लावून आवळल्यासारखा. त्याच्या पोटात स्टीलच्या पन्हळी पट्टीची गोल गुंडाळलेली जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, पण भोकं अगदी बारीक. वाफ त्या भोकांतून निघून जाते. आग मात्र आत शिरली की थंड धातूला घासून घासून तिची धग जाते आणि ती मध्येच दमून मरते.

नवीन लोकांना मी हेच शिकवत आलो. "आगीला मारायचं नाही, दमवायचं." दमण्याच्या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे. तीस वर्षं झाली, निवृत्तीला एक उरलंय, आणि गुडघ्यांनी ते एक वर्ष आधीच घेऊन टाकलंय.

जाळी नसेल तर अरेस्टर म्हणजे दोन रिकामी वाडगी. बाहेरून मात्र काही कळत नाही. तेच बोल्ट, तोच रंग, तीच ऐट.

माझा एक नियम होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. कामाला बसताना मी घरून आणलेली एक जुनी ॲल्युमिनियमची परात शेजारी ठेवायचो. खोललेला प्रत्येक बोल्ट, नट, वॉशर त्या परातीत. जोडून झालं की परातीत काही उरता कामा नये. परात रिकामी, काम पूर्ण. हे वाक्य कारखान्यात इतकं चाललं की कॅन्टीनमध्ये जेवण संपलं तरी लोक "परात रिकामी" म्हणायचे आणि मी मान डोलवायचो, जणू काही शोधच लावलाय.

या नियमात एक भोक होतं आणि ते बारीक नव्हतं. जाळी मी परातीत कधीच ठेवत नसे. बोल्ट लागून तिच्या कडा चेपतील, तेल लागेल, म्हणून ती सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवायची. हे मीच शिकवलेलं. म्हणजे माझी परात सगळं मोजत होती, फक्त ज्याच्यासाठी सगळं होतं तेवढं सोडून. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आलं नाही आणि दुसऱ्या कोणाच्याही नाही, कारण दुसऱ्यांनी नियम माझ्याकडूनच घेतला होता.

मे महिना होता. वार्षिक दुरुस्तीसाठी तिन्ही टाक्या रिकाम्या करून आतली वाफ काढून टाकली होती. तिन्ही अरेस्टर वरून उतरवून धुण्याच्या शेडमध्ये आणले होते. जाळ्या मी आदल्या दिवशी धुण्याच्या द्रवात भिजत घातल्या होत्या. सकाळी त्या काढल्या, पाण्यानं धुतल्या, हवेच्या नळीनं हलक्या दाबानं उलट्या बाजूनं फुंकल्या. जोरात फुंकायचं नाही आणि तारेनं टोचायचं तर अजिबात नाही. कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी सायकलच्या आऱ्यानं एका जाळीचं एकेक भोक मन लावून साफ केलं होतं आणि शाबासकीसाठी फोरमनपुढं धरली होती. त्यानं ती उजेडासमोर धरली आणि म्हणाला, "आता हिच्यातून आगच काय, तूपण जाशील." ती जाळी भंगारात गेली. तेव्हापासून मी जाळीला तान्ह्या मुलासारखं वागवतो. उजेडासमोर धरून बघायचं, सगळीकडून सारखा उजेड आला पाहिजे, कुठं चेपलेलं नको, कुठं फाकलेलं नको. मग कापडात गुंडाळायची.

कापड बायकोच्या जुन्या सुती लुगड्याचं. त्याचे धागे सुटत नाहीत. एका लुगड्याचे तिनं तुकडे करून दिले होते, निळ्या जमिनीवर पांढरे ठिपके. काही तुकडे मी कामावर नेले. एक तुकडा ती रोज माझ्या डब्याला बांधते. हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

पहिला अरेस्टर जोडला. खालच्या वाडग्यात जाळी, काठावर फट बुजवणारी नवीन गॅस्केट, वर दुसरं वाडगं, बोल्ट. परात रिकामी. दुसरा जोडला. तसाच. तोवर अकरा वाजून गेले, शेडचा पत्रा तापला, पाठ धरली. तिसरा जोडायला घेतला, खालचं वाडगं पुसून ठेवलं आणि चहा आला. चहा पिऊन परत आलो ते गॅस्केट लावलं, वरचं वाडगं ठेवलं, बोल्ट आवळले. दोनदा तेच केलेलं असल्यामुळं तिसऱ्यांदाही केलंच आहे असं हातांनी परस्पर ठरवून टाकलं. परात रिकामी झाली. तिसरी जाळी मागं फळीवर, ठिपक्यांच्या कापडात, शांतपणे सुकत पडली होती. त्याच फळीवर, जेवण झाल्यावर, विसळून बांधलेला माझा डबाही मी ठेवला.

दुपारी अरेस्टर वर चढवायचे. टाकीवर कप्पीनं ओढून घ्यायचे आणि दोघांनी उचलून नळीवर बसवायचे. माझ्या जोडीला टाकीवाला ऑपरेटर होता. हा लासूर स्टेशनहून येतो, मला मामू म्हणतो, मी त्याला मियाँ म्हणतो, आणि वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी सरळ बोललो असं क्वचितच झालं असेल. पहिले दोन उचलताना आम्ही दोघंही कण्हलो. तिसरा मी झटक्यात उचलला.

"क्या मामू! फूल के माफिक उठा लिया आज!"

"मेथीचे लाडू, मियाँ. पंधरा दिवस झाले खातोय."

"अच्छा? मेरेकू भी ला ना. कमर काम नहीं करती आजकल."

"आणतो की. घरी लई केलेत."

खरंच सांगतो, मला मनापासून बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी हलकं लागत होतं. दोन वर्षं प्रत्येक वस्तू आदल्या दिवसापेक्षा जड होत चालली होती आणि आज अचानक अंगात जोर आला होता. मी मनातल्या मनात बायकोचे आभारही मानले. जाळीचं वजन चार-साडेचार किलो असतं. लाडवांच्या डोक्यावर मी ते सगळं टाकलं.

खाली सुरक्षा अधिकारी मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. उन्हानं डोळे बारीक करून म्हणाल्या, "काका, झालं ना?"

"परात रिकामी, मॅडम."

त्या हसल्या. मी सही केली, माझ्या सहीखाली त्यांनी केली. संध्याकाळी पाच वाजता टँकर येणार होता आणि पहिला माल तिसऱ्या टाकीत उतरवायचा होता. मियाँची पाळी संपली होती, पण पुढचा माणूस लग्नाला गेल्यामुळं तोच थांबणार होता. टँकर उतरवताना टाकीची सगळी वाफ त्या वरच्या नळीतून बाहेर पडते आणि ऑपरेटर बरोबर टाकीच्या पायाशी उभा असतो.

साडेतीनला मी फळीवरून ठिपक्यांचं गाठोडं उचललं, पिशवीत टाकलं आणि निघालो. गेटवर सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघतात. माझी बघत नाहीत. कंपनीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तर जड लागली. म्हटलं, थकलोय. लाडवांचा असर उतरला वाटतं.

मुकुंदवाडीत घरी पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. पाय धुऊन खुर्चीत बसलो. बायकोनं चहा दिला आणि डबा घासायला घ्यावा म्हणून पिशवी ओट्यावर नेली. गाठ सोडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड ओट्यावर टेकल्याचा.

"अहो, डबा कुठंय?"

"पिशवीत."

"पिशवीत डबा नाय. चाळणी हाय."

"कसली चाळणी?"

"मला काय म्हाईत कसली? तुम्हीच आणली. लई जड हाय. हिच्यातून काय चाळायचं, हवा?"

तिनं ती दोन्ही हातांनी उचलून खिडकीसमोर धरली. मी खुर्चीतून मान वळवून पाहिलं. उजेड सगळीकडून एकसारखा येत होता. आणि माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार, देवाशपथ, हा होता की, वा, काय स्वच्छ निघालीय.

दुसरा विचार आला तेव्हा मी कप खाली ठेवला आणि फोन उचलला.

मियाँला फोन केला. वाजत राहिला. टाक्यांच्या आवारात मोबाईल न्यायचा नाही, तो कपाटात बंद असतो. तिथल्या खोलीत जुना फोन आहे, तो लावला. तोही वाजत राहिला, म्हणजे मियाँ खोलीत नव्हता, बाहेर होता. म्हणजे टँकर आला होता.

आता इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी निवेदनात लिहिली नाही. गेटवर किंवा मॅडमना फोन केला असता तर काम तिथंच थांबलं असतं. मी तो लगेच केला नाही. अर्धा कप चहा उरला होता. तो बघत मी हिशेब करत होतो की स्कूटरवर निघालो तर किती वेळ लागेल, जालना रोडला या वेळी किती गर्दी असेल, टँकर उतरवायला ते सुरुवात कधी करतील, आणि मला कोणाला न कळता वर चढून ती आत टाकता येईल का. निवृत्तीला एक वर्ष, परातीचा नियम, कॅन्टीनमधली मान. हे सगळं त्या अर्ध्या कपात होतं. आणि टाकीच्या पायाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस, ज्याला मी लाडू देणार होतो, तोही होता.

"कुणाचा फोन यायचाय का?" बायको म्हणाली. "बघत काय बसलात?"

मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तिसऱ्या टाकीचं उतरवणं थांबवा."

"का? काय झालं?"

"वर जाळी नाही."

"जाळी नाही म्हणजे? कुठंय जाळी?"

"घरी."

"घरी?"

"ओट्यावर."

पलीकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, मग धावणाऱ्या बुटांचा. फोन चालूच होता. दम लागलेला श्वास, दार, वारा, टाक्यांच्या फाटकाशी फोन ठेवल्याचा खटका, मग लांबून त्यांचाच आवाज, "थांबा! वाल्व्ह उघडू नका! उघडू नका!" मग फोन बंद झाला.

मी कपाळाला हात लावून बसलो. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. "थांबवलंय. उघडला नव्हता. तुम्ही या. जाळी घेऊन."

"तिसऱ्या टाकीचीच आहे, मॅडम. बाकी दोन बरोबर आहेत."

"तिसरीचीच कशावरून?"

तीन जाळ्या सारख्या, तीन अरेस्टर सारखे. तिसरा हलका लागला होता, पण तो मी लाडवांच्या नावावर टाकला होता. पहिल्या दोन्हींत जाळी ठेवल्याचं मला आठवत होतं. तिसऱ्यातही ठेवल्याचं तेवढंच स्पष्ट आठवत होतं.

"तिन्ही उघडायचे," मॅडम म्हणाल्या.

स्कूटरवर जाळी ठेवायची कुठं? पायाशी ठेवली तर खड्ड्यात आपटणार. बायकोला मी कधीतरी सांगितलं होतं की जाळी चेपली की संपली. ते तिच्या लक्षात होतं. पदर खोचून ती मागं बसली, जाळी मांडीवर घेतली, वर स्वतःचा रुमाल टाकला.

"तू कशाला?"

"माझा डबा तिथं हाय. चांगला डबा हाय तो."

क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरच्या बाईनं विचारलं, "मावशी, केक आहे का?" "नाय," ही म्हणाली, "ह्यांची नोकरी हाय." पुढं नगर नाक्यापर्यंत मला पाठीवर तो लोखंडी गोल टेकलेला जाणवत होता.

गेटवरच्या शिपायानं जाळी अडवली. रोज न बघणारा माणूस, आज म्हणाला, "काका, माल आत न्यायचा तर पावती लागते."

"अरे, हा आपलाच माल आहे."

"मग बाहेर गेल्याची पावती दाखवा."

"बाहेर गेला तेव्हा तूच होतास गेटवर!"

तो पावतीपुस्तक उलटंपालटं करायला लागला. त्याला शेवटी बायकोनं विचारलं, "दादा, बसायला खुर्ची हाय का?" आणि त्यानं आपली खुर्ची तिला दिली.

टाक्यांच्या आवारात टँकर उभा होता. त्याच्यावर जमिनीशी जोडलेला अर्थिंगचा चिमटा लावलेला, मोठी नळी टाकीला जोडलेली, सगळं तयार. मियाँ वाल्व्हजवळ पायरीवर बसला होता. मी जवळ गेलो.

"मियाँ..."

त्यानं वाल्व्हकडं बोट केलं. "हाथ था उसपे," एवढंच म्हणाला. आणि शिवी नाही दिली. वीस वर्षांत त्यानं मला शिवी न देता सोडलं असं ते पहिल्यांदा. त्यानं मला मामूही म्हटलं नाही.

मॅडमनी नळी सोडवायला लावली, टँकरवाल्याला उद्यावर टाकलं, कामाचा परवाना पहिल्यापासून भरला. वाफ मोजायचं यंत्र घेऊन तिन्ही टाक्यांच्या डोक्यावर तपासणी झाली. मग मी चढलो. अठ्ठावीस पायऱ्या, त्या दिवशी दुसऱ्यांदा, आणि परत तिन्ही टाक्यांच्या. प्रत्येक पायरीवर गुडघा मला नावं ठेवत होता. मियाँ माझ्या मागं होता. मध्येच थांबलो तर त्यानं खालून माझ्या टाचेला हात लावून धरलं.

पहिला उघडला. जाळी आत होती. दुसरा उघडला. आत होती. आयुष्यात इतक्या आनंदानं मी स्वतःचं काम पाहिलेलं नाही. तिसरा उघडला आणि आत नुसता अंधार होता. वाकून पाहिलं तर नळीतून थेट खाली टाकीचं रिकामं पोट दिसत होतं.

टाकीच्या डोक्यावरून भिंतीपलीकडचा फॅब्रिकेशनचा कारखाना दिसतो. तिथं संध्याकाळी लोखंड घासायचं काम चालतं. आम्ही दोघं उभे होतो तेव्हाही चाललेलं होतं. ठिणग्यांचा फवारा भिंतीच्या वर उडायचा, वाकायचा आणि विझायचा. आपल्या बाजूला येत नव्हता. रोज येत नाहीच. पण नुसत्या त्या भरवशावर खाली उभं राहता येत नाही, म्हणूनच ही जाळी असते. मियाँ त्या ठिणग्यांकडं बघत होता.

"मेरेकू तेरे लड्डू नक्को," तो म्हणाला.

मी जाळीवरचा बायकोचा रुमाल काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

मग मॅडमही वर आल्या. हेल्मेट घालून, कागद दाताखाली धरून. पुढचं सगळं त्यांच्या नजरेसमोर झालं. जाळी आभाळासमोर धरली, त्यांनी पाहिली, मियाँनी पाहिली, मग मी. सकाळची गॅस्केट एकदा दाबली गेली होती, म्हणून तिन्ही नवीन. अरेस्टरवरच्या बाणाची दिशा बघितली. बोल्ट समोरासमोरचे घेऊन थोडे थोडे, तीन फेऱ्यांत, आणि माझ्या मनगटाच्या अंदाजानं नाही तर आकडा दाखवणाऱ्या पान्यानं. माझ्या मनगटाबद्दल मी काहीतरी बोलायला गेलो, त्या म्हणाल्या, "मनगटाला नाही विचारलं, काका." प्रत्येक भाग आत जाताना त्यांनी स्वतः पाहून खूण केली. परात तिथं होती, पण तिच्याकडं कोणी बघितलं नाही.

खाली आल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि कोरा कागद. निवेदन लिहा म्हणाल्या. मी लिहायला बसलो तो उन्हापासून. मेचं ऊन, पत्र्याची शेड, चहाची वेळ, लुगड्याचे ठिपके, माझी सेवा, माझे गुडघे. दीड पान झालं. त्यांनी वाचलं, पेन घेतलं, आणि एकेक ओळ खोडत गेल्या. ऊन गेलं. चहा गेला. लुगडं गेलं. गुडघे गेले. शेवटी एक ओळ उरली, तीही त्यांनी थोडी सरळ केली, आणि मला स्वच्छ अक्षरात परत लिहायला लावली. ती वर पहिलीच आहे.

मी सही केली. मग त्यांनी दुसरा कागद काढला आणि स्वतःचं निवेदन लिहिलं. मला दाखवलं. एकच ओळ होती. वर चढून न बघता मी काम पूर्ण झाल्याची सही केली.

"मॅडम, तुमचा काय दोष? मी म्हटलं म्हणून तुम्ही..."

"तेच तर लिहिलंय, काका," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, थकून की कशानं ते मी विचारलं नाही.

फळीवर माझा डबा ठिपक्यांच्या कापडात तसाच होता. मॅडम तो स्वतः घेऊन गेटपर्यंत आल्या. मियाँही आला, चार पावलं मागं. बायको शिपायाच्या खुर्चीवर बसली होती, हातात त्यानं दिलेला चहा. तिनं डबा घेतला, कापड सोडलं, झाकणं मोजली, परत बांधला. माझ्याकडं बघितलंच नाही.

"काकू, तुम्हाला उगाच त्रास झाला," मॅडम म्हणाल्या. "काकांचा अनुभव इतका मोठा, की आम्ही सगळेच त्यांच्यावर डोळे मिटून विसंबतो."

बायकोनं एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा मियाँकडं, आणि चहाचा कप शिपायाला परत दिला.

"बाई, ह्यांनी घरी गॅसचं रेग्युलेटर बसवलं की मी दरवेळी मागनं जाऊन बघते," ती म्हणाली. "तुमच्यात कुणीच बघत नाय व्हय?"